आवृत्ती क्रमांकन (मुक्त स्रोत सॉफ्टवेअर)

आवृत्ती क्रमांकन म्हणजे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रकाशनाला ठरावीक नियमानुसार वेगळा आणि क्रमवार क्रमांक देण्याची पद्धत होय. ‘२.६.३९’, ‘२४.२’, ‘१.४३.०’ किंवा नुसता ‘१५’ अशा स्वरूपाचा हा क्रमांक वापरकर्त्याला, पॅकेज बनवणाऱ्या स्वयंसेवकाला आणि त्या सॉफ्टवेअरवर विसंबून असलेल्या इतर प्रोग्रॅमना एकाच वेळी उद्देशून असतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये त्याला विशेष महत्त्व आहे. या सॉफ्टवेअरच्या परवान्यांत बहुधा कोणतीही हमी नाकारलेली असते आणि वापरणारे कोण व किती आहेत हे निर्मात्यांना ठाऊक नसते. अशा स्थितीत ‘तुमचे जुने काम या नव्या आवृत्तीत चालेल की नाही’ याविषयी प्रकल्पाने दिलेला शब्द प्रत्यक्षात क्रमांकातूनच वाचला जातो. त्यामुळे पद्धतीची निवड ही आकड्यांच्या आवडीनिवडीची बाब न राहता कोणाला कोणता शब्द द्यायचा, याची निवड ठरते.

संज्ञा आणि वाचन

मराठी ग्रंथव्यवहारात ‘पुनर्मुद्रण’, ‘सुधारित आवृत्ती’ आणि ‘शुद्धिपत्र’ यांत फरक केला जातो. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, शुद्धिपत्रात केवळ चुका दुरुस्त केलेल्या असतात, तर सुधारित आवृत्तीत प्रकरणे वाढलेली किंवा गाळलेली असू शकतात. सॉफ्टवेअरच्या क्रमांकातील वेगवेगळी स्थाने साधारणपणे हाच फरक दाखवतात. डावीकडील आकडा मोठ्या बदलाचा व उजवीकडील आकडा लहान दुरुस्तीचा असतो.

आकड्यांमधील टिंब दशांश चिन्ह नसते, ही गोष्ट नवख्या वाचकाला हमखास चकवते. गणितात ३.१० आणि ३.१ एकच, आवृत्ती क्रमांकात मात्र ‘३.१०’ ही ‘३.९’ नंतरची, म्हणजे दहावी पायरी असते. ही गफलत माणसांपुरती मर्यादित नाही. पायथॉन या भाषेची ३.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, तेव्हा ज्या मांडणी-फायलींमध्ये तो क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला होता तेथे संगणकाने तो संख्या समजून ‘३.१’ असा वाचला. क्रमांकांची तुलना अक्षरांप्रमाणे करणाऱ्या प्रोग्रॅमांनाही ‘३.१०’ ही ‘३.९’ पेक्षा जुनी वाटते, कारण १ हा ९ च्या आधी येतो.

संगणकीय फाँट हा याला उलटा अपवाद आहे. ओपनटाइप फाँटच्या फायलीत आवृत्तीसाठी असलेली एक नोंद खरोखरच अपूर्णांक संख्या असते. म्हणून फाँटकार ‘१.००१’, ‘२.१००’ असे तीन दशांश स्थळांचे क्रमांक देतात आणि तेथे २.१०० व २.१ यांचा अर्थ एकच होतो.

लिनक्सचा अनुभव

लिनस तोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलची ०.०१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९१ मध्ये प्रकाशित केली. ०.१२ नंतर १९९२ च्या मार्चमध्ये एकदम ०.९५ हा क्रमांक देण्यात आला. काम जवळजवळ पुरे झाले, असा त्यामागचा विश्वास होता. पुढे ०.९९ पर्यंत येऊन क्रमांक थांबला आणि जागा उरली नसल्याने ०.९९ च्याच दुरुस्त्या सव्वा वर्षभर निघत राहिल्या. १.० ही आवृत्ती १४ मार्च १९९४ रोजी आली. अपुऱ्या कामाला शंभरच्या जवळचा आकडा देऊन ठेवण्याची ही चूक त्यानंतरही अनेक प्रकल्पांनी केलेली आहे.

१.० पासून लिनक्सने सम-विषम पद्धत स्वीकारली. दुसरा आकडा सम असल्यास (१.०, १.२, २.०, २.२, २.४) आवृत्ती सर्वांच्या वापरासाठी स्थिर, आणि विषम असल्यास (१.१, १.३, २.१, २.३, २.५) ती विकसकांच्या प्रयोगासाठी. पद्धत समजायला सोपी होती. पण दोन स्थिर आवृत्त्यांमध्ये दोन-तीन वर्षे जात आणि तोवर नव्या यंत्रांसाठी आवश्यक असलेला आधार सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नसे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ नंतर ती सोडून देण्यात आली. जुलै २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० आली. हा बदल कोणत्याही तांत्रिक क्रांतीमुळे झाला नाही, आकडे लांबत चालले होते एवढेच त्याचे कारण होते. तेव्हापासून ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.० आणि ५.१९ नंतर ६.० असा क्रम चालला. दुसरा आकडा विसाच्या घरात गेला की पहिला बदलायचा, असा हा साधा व्यवहार आहे. लिनक्स कर्नलच्या पहिल्या आकड्यावरून सुसंगततेविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम मोडू न देणे हे त्या प्रकल्पाचे कायमचे धोरण आहे, त्यामुळे क्रमांकाला ते काम करावेच लागत नाही.

अर्थवाही क्रमांकन

गिटहबचे सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ (संक्षेपाने ‘सेमव्हर’) ही सध्या सर्वाधिक प्रचलित असलेली नियमबद्ध पद्धत होय. तिच्या नियमावलीची २.०.० ही आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. नियमावलीलाही तिच्याच नियमाने क्रमांक आहे. क्रमांकाचे प्रमुख, गौण आणि दुरुस्ती असे तीन भाग असतात. जुने काम मोडेल असा बदल केल्यास प्रमुख आकडा, जुने न मोडता नवी सोय दिल्यास गौण आकडा आणि केवळ दोष काढल्यास तिसरा आकडा वाढवायचा. डावीकडचा आकडा वाढला की उजवीकडचे शून्य होतात. पूर्वप्रकाशनासाठी ‘१.०.०-बीटा.२’ अशी जोड दिली जाते आणि ती १.०.० च्या आधीची मानली जाते. एकदा प्रकाशित केलेल्या क्रमांकाखालील मजकूर पुन्हा बदलायचा नाही, चूक आढळल्यास नवा क्रमांक काढायचा, हाही त्यातील एक नियम आहे.

ही पद्धत लायब्ररींसाठी, म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्यांवर उभे राहतात अशा घटकांसाठी, विशेष सोयीची आहे. जावास्क्रिप्टच्या जगातील एनपीएम हे साधन ‘^१.२.३’ अशी नोंद दिसल्यास २.०.० च्या अलीकडची कोणतीही नवी आवृत्ती आपोआप स्वीकारते, तर ‘~१.२.३’ अशी नोंद असल्यास १.३.० च्या पुढे जात नाही. या ठिकाणी क्रमांक माणूस वाचत नाही, यंत्र वाचते आणि त्यावर निर्णय घेते. लेखकाने मोडतोड करणारा बदल चुकून तिसऱ्या आकड्याखाली घातला, तर त्या लायब्ररीवर अवलंबून असलेले प्रकल्प कोणी हात न लावताही बंद पडू शकतात. गो या भाषेत हा नियम आणखी कडक आहे. दुसऱ्या प्रमुख आवृत्तीपासून तो आकडा मोड्यूलच्या नावातच लिहावा लागतो, त्यामुळे जुनी व नवी आवृत्ती एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी-शेजारी राहू शकतात.

पद्धतीची मर्यादा ‘मोडणे’ या शब्दाच्या अर्थात आहे. गूगलमधील अभियंता हायरम राइट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निरीक्षणानुसार, वापरकर्ते पुरेसे वाढले की सॉफ्टवेअरच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर कोणी ना कोणी विसंबून असतो, मग ते वर्तन दस्तऐवजात लिहिलेले असो वा नसो. एखाद्या चुकीवरच दुसऱ्याने आपले काम उभे केले असेल, तर ती चूक दुरुस्त करणे त्याच्यासाठी मोडतोडच ठरते. म्हणून सेमव्हर स्वीकारण्याआधी प्रकल्पाने आपला सार्वजनिक भाग कोणता हे लिहून जाहीर करावे, अशी अट नियमावलीतच आहे. व्यवहारात ही अट सर्वाधिक दुर्लक्षिली जाते.

प्रमुख आकडा शून्य असेल तर काहीही केव्हाही बदलू शकते, अशी सूट नियमावलीत आहे. ती आरंभीच्या कामासाठी आहे. पण अनेक प्रकल्प हजारो लोक वापरू लागल्यावरही ०.x वरच राहतात. यात नम्रता किती आणि जबाबदारी टाळणे किती, हे प्रकरणपरत्वे ठरवावे लागते.

दिनांकावर आधारित क्रमांकन

काही प्रकल्प बदलाच्या स्वरूपाऐवजी प्रकाशनाचा काळ क्रमांकात नोंदवतात. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून तिचा क्रमांक ४.१० होता. २००६ मधील एप्रिलची आवृत्ती दोन महिने लांबली आणि ६.०४ ऐवजी ६.०६ या क्रमांकाने प्रकाशित झाली, म्हणजे उशीरही क्रमांकात कायमचा नोंदला गेला. मराठीतही उपलब्ध असलेल्या लिबरऑफिसने ७.६ नंतर २०२४ च्या सुरुवातीला २४.२ हा क्रमांक दिला. तो २०२४ सालचा दुसरा महिना दर्शवतो.

या पद्धतीत आवृत्ती किती जुनी आहे हे कोणालाही लगेच कळते. शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील संगणकावर ‘१८.०४’ दिसले, तर ती २०१८ सालची आहे आणि बदलायला हवी, हे समजण्यास तज्ज्ञाची गरज भासत नाही. मात्र नव्या आवृत्तीत जुने काम चालेल की नाही, याविषयी दिनांक काहीही सांगत नाही. संपूर्ण कार्यप्रणाली किंवा कार्यालयीन सॉफ्टवेअर यांना ही पद्धत शोभते, लायब्ररींना सहसा नाही.

महाराष्ट्रातील आणि मराठीशी संबंधित उदाहरणे

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केलेले, जीएनयू जीपीएल ३ परवान्याखालील मुक्त स्रोत व्यवसाय-व्यवस्थापन सॉफ्टवेअर आहे. त्याचे संस्थापक रुशभ मेहता होत. हिशेब, साठा, खरेदी-विक्री अशी कामे त्यात होतात. प्रकाशनांना तीन आकडी क्रमांक असतो, परंतु वापरकर्त्यांच्या बोलण्यात केवळ पहिला आकडा येतो: ‘तेरा’ (२०२१), ‘चौदा’ (२०२२), ‘पंधरा’ (२०२३). प्रत्येक प्रमुख आवृत्तीसाठी गिटमध्ये ‘व्हर्जन-१४’ अशा नावाची स्वतंत्र शाखा ठेवली जाते आणि दुरुस्त्या आधी तिच्या ‘हॉटफिक्स’ शाखेत जमा होतात. पुढील आवृत्तीचे काम ‘डेव्हलप’ शाखेत चालते. विकसक आपल्या बदलाच्या शीर्षकात तो नवी सोय आहे की दुरुस्ती, हे ठरलेल्या शब्दांनी लिहितात आणि त्यावरून पुढचा क्रमांक यंत्रच काढते.

प्रमुख आकडा बदलण्याचा अर्थ चौदाव्या आवृत्तीत ठळकपणे दिसला. तोपर्यंत एकाच पॅकेजमध्ये असलेले बरेच विभाग या आवृत्तीत वेगळे काढण्यात आले. मनुष्यबळ व पगारपत्रक यांचे स्वतंत्र अॅप झाले. आरोग्यसेवा, शिक्षण, शेती हे विभागही बाहेर पडले. आणि भारतातील वस्तू व सेवा कर (जीएसटी) विषयक भाग ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या अॅपकडे गेला. समजा, बीड जिल्ह्यातील लिंबागणेश येथील एखादे कृषी सेवा केंद्र तेराव्या आवृत्तीवर खते-बियाण्यांची बिले करीत असेल. तेराच्या आतील कोणतीही दुरुस्ती त्याने निर्धास्तपणे घ्यावी, अशी अपेक्षा असते. तेरावरून चौदावर जाताना मात्र वेगळे अॅप बसवले नाही तर बिलावरील जीएसटीचीच सोय हरवते. दुकानदाराने प्रकाशन-टिपण वाचलेले नसते आणि बहुधा ते त्याला वाचताही येणार नाही, कारण ते इंग्रजीत असते. त्याच्यापर्यंत पोहोचणारी एकमेव सूचना म्हणजे बदललेला पहिला आकडा.

येथे दुसरा एक प्रश्न उद्भवतो. ईआरपीनेक्स्ट हे फ्रॅपे फ्रेमवर्कवर चालते आणि दोघांचा प्रमुख आकडा जुळावा लागतो. चौदाव्या फ्रेमवर्कवर पंधरावे ईआरपीनेक्स्ट चालत नाही. इंडिया कंप्लायन्सच्या शाखांनाही तेच आकडे दिलेले आहेत. अशा ‘जुळत्या’ क्रमांकनात काटेकोर अर्थ थोडा बाजूला राहतो, कारण एखाद्या अॅपमध्ये काहीही मोडले नसले तरी इतरांबरोबर त्याचा आकडा वाढतो. बदल्यात बसवणाऱ्याला एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो. नियमाच्या शुद्धतेपेक्षा ही सोय येथे अधिक मोलाची ठरली, असे म्हणता येईल.

लोहित हा रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रकाशित केलेला भारतीय लिप्यांचा फाँट-संच आहे. त्याच्या देखभालीत रेड हॅटच्या पुणे येथील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. २०११ मध्ये त्याचा परवाना बदलून एसआयएल ओपन फाँट परवाना करण्यात आला. पुढे अक्षरजोडणीचे नियम नव्याने लिहिण्याचे काम झाले आणि त्या आवृत्त्यांना २.९x असे क्रमांक मिळाले; लोहित देवनागरी २.९५.४ अनेक लिनक्स वितरणांत आढळतो. अंतर्गत रचना नव्याने लिहिली असली तरी मजकूर टंकणाऱ्याच्या दृष्टीने फाँट तोच राहणार होता. प्रमुख आकडा न बदलण्यामागे हे एक समर्थनीय कारण दिसते.

फाँटच्या आवृत्तीबरोबर युनिकोडची आवृत्तीही पाहावी लागते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या १.० पासून आहे, पण मराठीत रूढ असलेले ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मधील ५.१ मध्ये आले. त्याआधीच्या फाँटमध्ये ते अक्षर असणे शक्यच नव्हते आणि अशा संगणकावर ‘ॲप’ हा शब्द उघडला की पहिल्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसते. म्हणून आजही अनेक जण ‘अ’ वर चंद्र देऊन ‘अॅ’ असे दोन चिन्हांनी लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, एकदा नेमलेले चिन्ह काढायचे वा हलवायचे नाही, असे युनिकोडचे जाहीर धोरण आहे. त्यामुळे त्याचा आकडा कितीही वाढला तरी जुना मराठी मजकूर वाचता येतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्याची १.१ ही आवृत्ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली. तेव्हापासून पहिला आकडा १ च राहिला आहे, १.३५, १.३९ व १.४३ या दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या होत. विकिमीडियाच्या संकेतस्थळांवर मात्र यापेक्षा जलद, दर आठवड्याची आवृत्ती बसवली जाते आणि तिच्या क्रमांकाला ‘१.४३.०-डब्ल्यूएमएफ.५’ अशी शेपटी असते. कधीच न बदलणारा पहिला आकडा माहिती देत नाही, हे उघड आहे. जीएनयू इमॅक्सने हीच अडचण ओळखून १.१२ नंतर पुढचा ‘१’ कायमचा काढून टाकला आणि १९८५ मध्ये आवृत्ती १३ प्रकाशित केली.

चुकलेले क्रमांक

पायथॉन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आली आणि तिने जुना कोड जाणीवपूर्वक मोडला. प्रमुख आकड्याचा हा पूर्णतः प्रामाणिक वापर होता. मराठीसाठी त्याचा लाभही झाला. पायथॉन २ मध्ये साध्या अक्षरमालेतील ‘मराठी’ या शब्दाची लांबी यूटीएफ-८ बाइट मोजून १५ येत असे, पायथॉन ३ मध्ये ती चिन्हे मोजून ५ येते. तरीही जगाला २ वरून ३ वर यायला दशकाहून अधिक काळ लागला. २.७ चा आधार आधी २०१५ पर्यंत देण्याचे ठरले होते. तो वाढवून १ जानेवारी २०२० पर्यंत न्यावा लागला. क्रमांकाने इशारा दिला तरी स्थलांतराचा खर्च त्यामुळे कमी होत नाही.

पर्ल ६ ची घोषणा २००० मध्ये झाली, पहिले स्थिर प्रकाशन २०१५ मध्ये आले आणि ती पर्ल ५ पेक्षा वेगळीच भाषा निघाली. दरम्यान पर्ल ५ चा विकास चालू असूनही ‘सहा येणार आहे’ या समजाने तिच्यावर जुनी असल्याचा शिक्का बसला. ऑक्टोबर २०१९ मध्ये पर्ल ६ चे नाव बदलून ‘राकू’ करण्यात आले. पीएचपीमध्ये युनिकोडवर आधारलेली सहावी आवृत्ती अर्ध्यावर सोडण्यात आली, पण तिच्यावरील पुस्तके बाजारात आलेली होती. म्हणून तो आकडा ओलांडून ५ नंतर थेट ७ (डिसेंबर २०१५) देण्यात आला.

पद्धत निवडणे आणि बदलणे

नव्या प्रकल्पाने प्रथम आपला वाचक ओळखावा लागतो. इतर प्रोग्रॅम आपल्यावर उभे राहणार असतील तर सेमव्हर, ठरलेल्या वेळापत्रकाने प्रकाशन होणार असेल तर दिनांक, आणि दोन-तीन जुन्या आवृत्त्या एकाच वेळी सांभाळायच्या असतील तर ईआरपीनेक्स्टप्रमाणे शाखेशी बांधलेला प्रमुख आकडा सोयीचा पडतो. एक-दोन स्वयंसेवकांनी अनेक शाखांचे आश्वासन देणे मात्र धोक्याचे असते. वाढवलेल्या प्रत्येक प्रमुख आकड्यामागे जुन्या आवृत्तीत सुरक्षा-दुरुस्त्या पोहोचवण्याचे काम उरते आणि ते बहुधा बिनपगारी असते.

मध्येच पद्धत बदलताना क्रमांक कधीही मागे जाता कामा नये. ‘२०२४.१’ नंतर ‘२.०’ दिल्यास पॅकेज-व्यवस्थापक नवी आवृत्ती जुनी समजतो आणि ती बसवतच नाही. यावर उपाय म्हणून डेबियनमध्ये क्रमांकाआधी युगदर्शक आकडा लावता येतो: ‘१:२.०’ ही ‘२०२४.१’ पेक्षा नवी ठरते. पायथॉनच्या पॅकेजांसाठी त्याच कामी ‘१!२.०’ असे उद्गारचिन्ह वापरले जाते. एकदा लावलेले युग पुढे काढता येत नाही. डेबियनमध्ये लहरी रेघ (~) असलेला क्रमांक तिच्याशिवायच्या क्रमांकाआधी येतो, त्यामुळे ‘१.०~आरसी१’ ही १.० च्या आधीची मानली जाते; हे माहीत नसल्याने पूर्वप्रकाशनाला ‘१.०आरसी१’ असे नाव दिले, तर वितरणाच्या दृष्टीने चाचणी-आवृत्ती अंतिम आवृत्तीपेक्षा नवी ठरते.